राहिलेली ओळ

तीस जुलै आली की सोपान घरात थांबत नसे. बारा वर्षांपूर्वी त्याच सकाळी माळीण गावावर डोंगर कोसळला आणि भातलावणीला माहेरी गेलेली त्याची बायको हौसा त्यात गेली. यंदाही लेकीकडे नारायणगावला निघून तो घोडेगावच्या स्टँडवर बसला होता. शेजारी भाताच्या रोपांची जुडी मांडीवर घेतलेली एक म्हातारी आणि तिची भाची.

"आत्या, माळिणीला समदी फुलं घेऊन जात्यात. तू चिखल कुठं नेती?"

"फुलं पुढारी वाहतील. मी भणीच्या खाचरात लावणार."

"ते तर तुझ्या दाजींनी कवाच लावलं."

"शेवटची ओळ माझ्यासाठी सोडत्यात. आदल्या सांजंला तिची तेवढीच राहिली व्हती. सकाळी लावते म्हनली."

"गुडघं लई दुखत्यात ना? वाकशील कशी?"

"बसून लावीन. पन लावीन."

"आन् रडू आलं तर?"

"येऊ दे. चिखलाच्या हातानं डोळं पुसता येत न्हाईत, काम तेवढं व्हतं."

"दरसाली ह्येच?"

"मी हाय तवर मी. मग तू."

"माझं नेलपॉलिश जाईल की!"

"जाऊ दे, भवाने. भात तर येईल."

नारायणगावची गाडी लागली. सोपान तिच्या दारापर्यंत गेला आणि मागे फिरला.

"मावशी, माळिणीची गाडी कवा हाय?"

"येईलच आता. तुमी कुणाकडलं पावणं?"

"हौसाचा नवरा."

म्हातारीने जुडी सोडली आणि अर्धी रोपं त्याच्या हातात दिली.