माझी शिक्षा मुरारला झाली

हसू नका, आधी ऐकून तर घ्या. आमचं कॉल सेंटर दुसऱ्या कंपनीत विलीन झालं आणि पडावच्या ऑफिसातल्या आम्हा सगळ्यांचे पुन्हा इंटरव्ह्यू लागले. मराठी ग्राहकांसाठी जागा एकच. मी म्हटलं, गाव हिंदी मुलखातलं असलं तरी आपण खासगी बाजारातले मराठे, घरात मराठीच बोलतो, अपनी तो पक्की!

इंटरव्ह्यू फोनवर, पुण्याचे साहेब. म्हणाले, "स्वतःबद्दल सांगा."

मी ऐटीत म्हटलं, "माझी शिक्षा मुरारला झाली."

पलीकडून हळूच, "किती वर्षांची?"

"पंधरा."

"पंधरा! कशासाठी?"

"चांगली नोकरी लागावी म्हणून."

"घरच्यांना माहीत आहे?"

"म्हणजे काय! बाबांचीही तिथेच झाली. आत्याचं लग्न ठरलं, म्हणून ती मध्येच सुटली."

"आणि तुम्ही पूर्ण भोगलीत?"

मला वाटलं, पुण्यात असंच म्हणत असतील. "हो तर! चांगल्या वर्तणुकीचा दाखलाही आहे माझ्याकडे."

कागद चाळल्याचा आवाज आला. "अहो, इथे तर बी.कॉम. लिहिलंय. तुम्हाला 'शिक्षण' म्हणायचंय का?"

"मग मघापासून काय सांगतेय मी?"

साहेब इतके हसले की फोनच कट झाला. मी समजले, गेली नोकरी.

पण लागली! मराठी सुधारण्याच्या अटीवर. पुढच्या सोमवारी शिकवायला कोण यावं? तेच साहेब, भर उन्हाळ्यात, घामाने थबथबलेले. मी पाणी दिलं तर म्हणाले, "तुमची शिक्षा संपली ना? आता तीन महिने माझी."