गोल झाला की दिवे

—हसू नका काकू, खरंच आहे ते. लिफ्टमधला कागद तुम्ही बरोबर वाचलात. गोल झाल्यास कोणीही ओरडू नये, घरातले दिवे बंद-चालू करून आनंद व्यक्त करावा, हुकमावरून. छपाई सोसायटीच्या ऑफिसची, पण डोकं कुणाचं? माझं. — अहो, ताट दारातनंच देऊन कुठं निघालात, चपला काढा नि आत या! नवीन बिऱ्हाड आलं की शेजारी वड्या वाटायच्या, हे आजकाल पाळतंय कोण? वरच्या मजल्यावरची आली तेव्हा तिनं साधं तोंड दाखवलं नाही. आणि तुम्ही तांदळाच्या वड्या, वर लाल चवळीचा थर, त्याही गरम! बसा, सातूचं पाणी देते गार. आमच्या देगू शहराचा उन्हाळा म्हणजे काय विचारता, भात शिजवायला गॅस लागू नये असा. — ती ना? ती बोमी. माझी मुलगी. त्या जाड चटईवर बसवलं की बसली. बोमी! बोमी, कोण आलंय बघ! — राहू द्या, ती तिच्या नादात असते. वाटी नि चमचा दिला की जग विसरते. केवढ्यानं बडवतेय बघा, माझे कान किटले पण तिला काही नाही. खाली तुमच्याकडे ऐकू येतं का? येत असेल तर सांगा हं, संकोच करू नका. मी आवाजाच्या बाबतीत फार काटेकोर आहे. या इमारतीत शांतता म्हटलं की लोक माझंच नाव घेतात — बोमीची आई.

तर दिव्यांचं सांगत होते. आपली फुटबॉलची टीम गेलीय वर्ल्डकप खेळायला दुनियेच्या पार त्या टोकाला. तिकडं दुपार, इकडं मध्यरात्र. आता मध्यरात्री शहाणी माणसं काय करतात? झोपतात. आमच्याकडची काय करतात? लाल सदरे घालून, तळलेली कोंबडी नि बिअर घेऊन टीव्हीपुढं बसतात. पहिल्या मॅचला तर कोपऱ्यावरच्या कोंबडीवाल्याचा फोन उचलायला कुणी मोकळं नव्हतं. उन्हाळा, सगळ्यांच्या खिडक्या सताड उघड्या, आणि झाला की हो गोल! अहो काकू, असा काही आरडाओरडा उठला — भिंत थरथरली, माझ्या कपाटातल्या बश्या किणकिणल्या, तळमजल्याच्या पार्किंगमधल्या गाड्या आपोआप पॅं-पॅं करायला लागल्या. क्वाक गुरुजी म्हणून आहेत वरती, रहिवासी मंडळाचे अध्यक्ष, जन्मभर शाळेत कवायत शिकवली त्यांनी — ते गॅलरीत येऊन शिट्टी वाजवत होते. शिट्टी! रिटायर होताना शाळेत जमा करायची असते ना ती? समोरच्यांचा नातू जो किंचाळत उठला तो उजाडेपर्यंत थांबला नाही. पलीकडची जुळी उठली. अख्ख्या इमारतीतलं पोर न् पोर उठलं.

सकाळी लिफ्टमध्ये सगळ्या आयांचे डोळे हे एवढे सुजलेले. जी ती आपलं सांगतेय, माझा असा रडला, माझी अशी दचकली, तापच भरला, दूधच टाकलं. आणि मग सगळ्या वळल्या माझ्याकडं — बोमीची आई, तुमची हो? आता काय सांगायचं? तुम्हीच सांगा. माझी झोपली होती म्हटलं तर काय दिसतं ते? फुशारकी दिसते. म्हणतील बघा, हिचं पोर जगावेगळं. म्हणून मी आपली म्हणाले, माझी तर पहाटेपर्यंत डोळ्याला डोळा लावत नव्हती, नुसती थरथर कापत होती. एकदा बोलले ते बोलले, मग जरा वाढवून सांगितलं, मग राग पण आला खरोखरचा. खोटं नाही सांगत, रडूच आलं मला तिथं लिफ्टमध्ये. त्या सगळ्या म्हणाल्या, बोमीची आई, तुम्हीच बोला सभेत. तुमच्या बोलण्यात कळकळ आहे.

सभा झाली म्हाताऱ्यांच्या हॉलमध्ये. तुम्ही पाहिजे होतात! क्वाक गुरुजी उभे राहिले नि म्हणतात, "देशाचा आनंद कुजबुजत साजरा होत नसतो!" टाळ्या. मग मिनग्यूची आई उठली, तिचा मुलगा बारावीला, ती म्हणाली, "माझा मुलगा नापास झाला तर तुमचा गोलकीपर येणार आहे का त्याला पोसायला?" आमच्या बाजूच्या टाळ्या. कोंबडीवाला रहिवासी नाही, तरी येऊन बसलेला. तो म्हणे, मुक्यानं मॅच बघणाऱ्याच्या घशाखाली कोंबडी उतरत नाही, माझ्या पोटावर पाय आणू नका. मग तडजोडी सुरू झाल्या. एक म्हणाला, पहिला गोल गप्प बसून बघू, दुसऱ्याला तेवढी परवानगी द्या. एक म्हणाली, टाळ्या वाजवा पण हातमोजे घालून. एकानं तर सुचवलं, तोंड उघडायचं, सगळं करायचं, फक्त आवाज काढायचा नाही. आणि गुरुजींनी तिथल्या तिथं करून दाखवलं! खुर्चीवर उभे, दोन्ही हात वर, आ वासलेला, मानेच्या शिरा ताठ, आणि आवाज नाही. अहो, पाण्याबाहेर काढलेला मासाच! मी रुमाल तोंडात कोंबला हसू दाबायला.

पण माणूस मोठा पक्का. खाली उतरले नि माझ्याकडं बोट करून म्हणतात, "बोमीच्या आई एवढं सांगतायत, पण बोमीचे बाबा तर काल कोंबडीच्या दुकानात सगळ्यांना अभिमानानं सांगत होते, आमची पोरगी गोल झाला तेव्हा कुशीवरसुद्धा वळली नाही, वाघीण आहे म्हणून!" सगळा हॉल माझ्याकडं बघायला लागला. आमचे हे मागच्या रांगेत, मान खाली, चपलेचा पट्टा बघत बसलेले. मी काय गप्प बसणारी आहे? मी म्हटलं, "गुरुजी, पोर रात्री किती वेळा उठतं हे बापाला विचारता? मग दूध कुणाला येतं तेही त्यालाच विचारा!" जो हशा पिकला म्हणता! बायकांनी बाकं बडवली. जिंकलोच तिथं आम्ही. मग दिव्यांचं मी सुचवलं. आनंद पण झाला पाहिजे ना लोकांना, मी काही दुष्ट नाही. गोल झाला की दिवे बंद-चालू करा, एकमेकांच्या खिडक्या दिसतात, कळतं की. सगळे म्हणाले वा.

घरी आल्यावर हे हळूच म्हणतात, "अगं, पण ती झोपलीच होती ना त्या रात्री?" मी म्हटलं, "तुम्ही टीव्ही बघत होता. तुम्हाला काय दिसणार?" — मी? मी मॅच बघतच नव्हते काकू. मी तिच्यापाशी बसले होते, उशाला. तिच्या तोंडाकडं बघत. गोल झाला तेव्हा मी एवढ्यानं दचकले की माझाच हात लागला पाळण्याला. आणि ती... घ्या ना, वडी घ्या, तुम्ही आणलीत नि मीच खातेय.

पुढच्या मॅचची गंमत ऐका. सगळीकडं शांत. एवढी शांत इमारत मी लग्न होऊन आल्यापासून बघितली नाही. कोंबडीची हाडं चावल्याचा आवाज तेवढा वरच्या मजल्यावरनं. आणि झाला गोल! कुणी हूं नाही की चूं नाही, आणि एकदम सगळ्या खिडक्या — लुकलुक, लुकलुक! आपली इमारत, समोरची इमारत, पलीकडची. कुठं पांढरे, कुठं पिवळे, क्वाक गुरुजींनी तर बॅटरी पण फिरवली. इतकं सुंदर दिसलं म्हणता! आणि आमची बोमी, एवढा वेळ गाढ झोपलेली, टक्क जागी! डोळे हे एवढे मोठे. छतावर दिव्यांचा उजेड नाचतोय नि ही दोन्ही हात वर करून खिदळतेय. मी ह्यांना हाक मारली, म्हटलं बघा, बघा तुमची वाघीण, सगळ्यात आधी हिला कळलं! किती तल्लख पोर आहे. नुसता उजेड हलला तर जागी झाली.

— काय म्हणालात?

नाही, ओरडले तेव्हा... तेव्हा ती दमलेली होती. लस टोचली होती ना. त्याच दिवशी असं नाही, आधी, पण अंगात राहते ती लस. शिवाय पोरं झोपतात कधी कधी गाढ. माझ्या सासूबाई सांगतात, ह्यांच्या लहानपणी शेजारचं घर पाडलं तरी हे उठले नव्हते. घराण्यातच आहे. आणि जन्मली तेव्हा तपासलंय सगळं दवाखान्यात, कानात ते बोंड घालतात ना छोटंसं, घालून बघितलं, उत्तम आहे म्हणाले. उत्तम! मग? तो ताप नंतरचा. थंडीतला. ताप काय, कुठल्या पोराला येत नाही, उतरला की, पूर्ण उतरला. त्यानंतरच तर इतकी शहाणी झाली. रडत नाही, किरकिर नाही. व्हॅक्यूम क्लीनर फिरवा शेजारी, हूं की चूं नाही. सासूबाई फोनवर चेहरा दाखवून हाका मारतात, बोमी, बोमी, नि म्हणतात, बघत का नाही गं ही? मी म्हणते, आई, फोनमधनं काय कळतं पोराला, तुम्ही समोर या नि मग बघा. त्या येत नाहीत, गुडघे दुखतात त्यांचे. बरंच आहे. — बरंच म्हणजे, प्रवास झेपत नाही त्यांना.

हे एक-दोनदा म्हणाले, दाखवून येऊ या का डॉक्टरांना. मी म्हटलं कशाला? काय झालंय? उगीच पोराच्या अंगाला हात लावू द्यायचा परक्यांना. ह्यांचं काय, ह्यांना सुट्टी हवी असते. त्यातनं बायका तुम्हाला ठाऊक आहेत ना, दवाखान्यात दिसलं कुणी की संध्याकाळपर्यंत झोपाळ्यापाशी चर्चा. आणि काय म्हणतील? परवापर्यंत हिचं पोर आवाजानं थरथरत होतं. सभेत हिनंच सांगितलं. सगळ्यांचे आवाज हिनं बंद केले.

म्हणून तर काकू, आज संध्याकाळी या. गुरुजींनी परत सभा बोलावलीय. रस्त्यापलीकडच्या सोसायटीतले ओरडतात नि आपण दिवे लावत बसतो, लोक हसतात, नियम काढून टाका म्हणे. गेल्या वेळी आम्ही अगदी थोडक्यात जिंकलो. घरटी एक मत, आणि तुमचं घर तेव्हा रिकामं होतं. तुम्ही नवीन, पण मत ते मत. शांततेला द्या. तुमचं वय झालंय, तुम्हालाही झोप हवीच की. शांतता असली ना, सगळं कसं बरं असतं. कुणी ओरडत नाही, कुणी दचकत नाही, न दचकणारं कुणी असेल तर ते कुणाच्या लक्षात येत ना—

अगंबाई! — काही नाही, काही नाही, भोंगा आहे तो, ऑफिसचा. भिंतीतच बसवलाय, प्रत्येक घरात असतो, तुमच्याकडंही असेल. बंद करता येत नाही मेला. ऐका, सभेचंच सांगतायत... किती तो कर्कश! पहिल्यांदा सगळेच दचकतात. मी तर रोज दचकते. राहू द्या, पाणी सांडलं तर सांडू द्या, मी पुसते.

संपलं एकदाचं.

— काय बघताय तिच्याकडं? चमचा वाजवतेय ती. वाजवता वाजवता कसं ऐकू... थांबली होती का? आत्ता? भोंगा वाजायच्या आधीच हात थांबला होता तिचा?

हो. तिच्या डोक्यावरच आहे तो भोंगा. चटई मीच घातली तिथं. खिडकीशी ऊन येतं म्हणून. ऊन इकडं येतं, हो, इकडंच येतं. रोज दुपारी सूचना असते एखादी, कचऱ्याची, पाण्याची. मी समोर बसते नि बघते. रोज वाटतं आज वळेल. तसं कधी कधी वाटतं वळली. काल वाटलं होतं. काल माशी बसली होती भिंतीवर.

तुमचा हात थंड आहे, काकू.

नाही, रडत नाहीये. तुम्ही निघा आता. बिऱ्हाड लावायचं असेल तुम्हाला, खोकी तशीच असतील. ताट मी धुऊन आणून देईन, रिकामं देणार नाही. मताचं... मताचं तुम्हाला वाटेल ते करा. गुरुजींना द्या. ओरडू देत त्यांना, शिट्टी वाजवू देत. मी ह्यांना सांगते आज काय ते.

काकू, थांबा. एक काम करा माझं. आमचं हे दार आपोआप हळूच लागतं, त्याला तसं लागू देऊ नका. बाहेर उभ्या राहा, दोन्ही हातांनी धरा, नि अंगात असेल नसेल तेवढ्या जोरानं ओढून घ्या. लोखंडाचं आहे, सगळ्या जिन्यात घुमेल. घुमू दे. म्हणू दे काय म्हणायचं ते. थांबा हं, मी तिच्यासमोर बसते, चमचा काढून घेते... दे गं राणी. बघ, माझ्याकडं बघ. नाही, माझ्याकडं नको, तिकडं खेळ. असं.

हं काकू, आपटा.