पेढे नव्हेत, हेडफोन

भाग्यश्री : म्हणजे यात पेढे नाहीत?

अतिशय : नाहीत ना. हेडफोन आहे.

भाग्यश्री : अहो, माझ्या आईनं ही पेटी देवापुढं ठेवली होती! वर गंध लावलंय बघा. सांगलीहून मुलगा बघायला आलाय, हातात एवढी मोठी पेटी, माणूस काय समजणार?

अतिशय : मी सांगणारच होतो. पण काकूंनी हातातनं घेतलीच. मग आमच्या वडिलांनी, अण्णांनी, असं बघितलं माझ्याकडं की मी गप्प. त्यांना वाटत होतं, गाडीतच ठेवलाय.

भाग्यश्री : आणि मुलगी बघायला येताना हेडफोन कोण आणतं?

अतिशय : उद्या सकाळी परत करायचाय. पुण्याच्या एका दुकानानं ऐकून बघायला दिलाय. दिवसभर आमचं हळदीचं दुकान, आणि संध्याकाळी माझा यूट्यूबवर कार्यक्रम असतो, ‘कानोसा’ नावाचा. असले भारीतले हेडफोन वेगवेगळी गाणी लावून पारखायचे आणि मराठीत सांगायचं. निम्मी गाणी राहिलीत अजून.

भाग्यश्री : म्हणजे मला बघायला आलात का राहिलेली गाणी उरकायला?

अतिशय : खरं सांगू? घरातनं निघताना दोन्ही होतं. जिना चढून वर आलो तवा एकच राहिलं.

भाग्यश्री : कुठलं ते विचारत नाही मी. आता माझंही खरं ऐका. आपल्याला वर बोलायला पाठवलंय, पण मी नाही म्हणायच्या तयारीनं बसलेय. तुमच्यावर राग नाही. मागच्या खेपेला मी गप्प बसले, तर काकांनी खाली शब्द देऊन टाकला. आमच्याकडं पोरगी गप्प बसली की होकार! ते मोडताना आईला किती ऐकून घ्यावं लागलं. तेव्हा आईकडनं कबूल करून घेतलंय मी. हो असो, नाही असो, या वेळी ते माझ्या तोंडचं असेल.

अतिशय : बरोबर आहे की.

भाग्यश्री : आणि मी गावोगाव फिरून गाणी टिपते. म्हाताऱ्यांच्या ओव्या, हलगीवाले, गोंधळी. रेकॉर्डर गळ्यात अडकवायचा आणि डोंगर चढायचा. ‘लग्नानंतर छंद म्हणून चालेल’ असं जो कोणी म्हणेल त्याला—

अतिशय : कुठला रेकॉर्डर?

भाग्यश्री : काय?

अतिशय : नाही, रेकॉर्डर कुठला वापरता? माइक त्यातलाच का बाहेरनं जोडता? डोंगरावर वारं असतं, त्याचं काय करता?

भाग्यश्री : ...उघडा ती पेटी.

अतिशय : उघडतो! हे असं. दोन्ही हातांनी धरा. ही पट्टी डोक्यावर, जरा मागं. दुखतंय का?

भाग्यश्री : छे. कानावर छप्पर घातल्यागत वाटतंय. ही पाठीमागं जाळी कसली?

अतिशय : उघड्या पाठीचा आहे. आवाज आत कोंडत नाही, म्हणून मोकळा वाटतो. पण तो बाहेरही सांडतो. मला इथं बसून थेंब थेंब ऐकू येणार. आता ख्याल लावतो. डोळे मिटा.

भाग्यश्री : ...अगं आई गं! तानपुरा! अहो, चारी तारा वेगवेगळ्या!

अतिशय : हळू, हळू! कानात गाणं असलं की आपला आवाज आपल्याला कळत नाही. तुम्ही ओरडताय.

भाग्यश्री : मी? ओरडतेय?

अतिशय : व्हय. तानपुरा कुठं बसलाय, सांगा.

भाग्यश्री : डाव्या खांद्यामागं. गाणारा पुढ्यात, दोन हातांवर. तबला उजवीकडं जरा खाली, मांडी घालून बसल्यागत. मधली सतरंजी दिसतीय हो मला!

अतिशय : हेच! हेच सांगता येत नव्हतं मला. इंग्रजीत साउंडस्टेज म्हणतात. मी दर वेळी ‘ध्वनिमंच’ म्हणतो आणि लोक खाली कॉमेंटमध्ये हसून जातात.

भाग्यश्री : हसतील नाहीतर काय! ध्वनिमंच म्हटलं की कारखान्याची वार्षिक सभा आठवते. बैठक म्हणा की. ‘ह्याची बैठक ऐसपैस आहे.’

अतिशय : बैठक! आवं, दोन वर्षं हा शब्द शोधतोय मी, आणि तो असा सतरंजीवर पडलेला!

भाग्यश्री : पुढचं लावा, पुढचं. ढोलकी आहे का?

अतिशय : लावणी आहे. घ्या.

भाग्यश्री : ...ओहोहो. ढोलकीच्या शाईवरनं बोट घसरलं ना, ते ऐकू आलं. आणि ओळ उचलायच्या आधी बाईनं श्वास घेतला तो इथं, मानेपाशी. काटा आला बघा हातावर.

अतिशय : द्या, द्या, मला द्या एक मिनिट. ...व्हय की! हा श्वास काल मीपण ऐकला. मला वाटलं, फुसफुस आहे. हेडफोनचा दोष म्हणून धरला होता मी!

भाग्यश्री : बाईचा जीव दोषात धरलात?

अतिशय : चुकलं. आता असा दोष दिसला की आधी तुम्हाला विचारीन.

भाग्यश्री : हं. ते पुढचं पुढं. आता माझ्या फोनमधली ही हलगी लावा. जत्रेतली आहे, मीच टिपलेली.

अतिशय : लावली. कशी आहे? ...बोला की. चेहरा का असा केलात?

भाग्यश्री : नाही.

अतिशय : नाही म्हणजे?

भाग्यश्री : हलगी शहाणी झालीय. इस्त्रीचे कपडे घालून बँकेत चाललीय. कडकड सगळी जागच्या जागी, एकेक काडी वेचून घ्या. पण अंगात येत नाही. हलगी पोटात वाजली पाहिजे हो. हा तिला कानाच्या उंबऱ्यावरच थांबवतो.

अतिशय : उघड्या पाठीच्याला तेवढा दणका नसतोच. पण कडकड बघा ना कशी—

भाग्यश्री : कडकड चांगलीच आहे. पण आमच्या गल्लीतली पोरं डॉल्बीच्या भिंतीपुढं नाचून मोठी झालीत. त्यांनी हा घेतला तर रडतील. तसं सांगा त्यांना. तुम्ही काय सांगणार होतात?

अतिशय : ‘सर्व प्रकारच्या संगीतास उत्तम.’

भाग्यश्री : हे चहाच्या पुड्यावर असतं!

अतिशय : लागलं. पण बरोबर लागलं. मग आता धीर धरा, तुम्ही कधी न ऐकलेलं लावतो. मेटल म्हणतात त्याला.

भाग्यश्री : ...ओ! हे काय? उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन घाटाला लागलाय! थांबा, काढू नका! ह्या गोंगाटात खाली कोणीतरी एकटा, अगदी शांत वाजवतोय. गिटारच ना ते? एवढ्या यात्रेत त्याचा हात कसा धरून ठेवलाय ह्यानं!

अतिशय : तो गिटारवाला कळला तुम्हाला? माझ्या एकाही मित्राला कळला नाही! सगळे म्हणतात, बंद कर ते.

भाग्यश्री : तुमचे कान कुणी तयार केले हो?

अतिशय : अण्णांनी. हळकुंड मोडून कानाशी धरतात ते. खणकन वाजलं की वाळलेलं, मऊ तुटलं की दमट. पोत्यावर बसून लहानपणापासनं तेच ऐकतोय. त्यांना मात्र हे पटत नाही. म्हणतात, हळद ऐकून पोट भरतं, हेडफोन ऐकून काय भरतं?

विजयमाला : (जिन्याखालून) भाग्याऽ! पोहं गार व्हायलेत गं! आन् दिवस मावळायच्या आत पानं वाढायची हायत, अण्णांस्नी रातचं जेवान चालत न्हाई!

भाग्यश्री : आले गं आई, पाचच मिनिटं! ...शेवटचं एक. हे माझं सगळ्यात आवडतं. कोयनेच्या वरच्या अंगाला एक वाडी आहे, तिथल्या बयाबाई. जात्यावर गायल्या माझ्यासाठी. माझ्या साध्या हेडफोनवर किती वेळा ऐकलंय, तोंडपाठ आहे. म्हणून तर ह्याच्यावर ऐकायची धास्ती वाटतीय. उगीच काहीतरी उणं निघायचं.

अतिशय : मी ऐकू का जाळीतनं? का तुमचं तुम्हालाच?

भाग्यश्री : बसा असे जवळ. ओवी अशी आहे,
दळीता दळीता जातं घुमतं घुमतं,
लेकीच्या मनातलं मला पिठात दिसतं.

अतिशय : लावतोय.

भाग्यश्री : जातं बघा. दगडावर दगड. बांगड्या. बयाबाईंचा गळा कसा, जुन्या घोंगडीसारखा. खरखरीत, पण ऊब... थांबा. मागं घ्या.

अतिशय : काय झालं?

भाग्यश्री : मागं घ्या! ...अजून जरा. ...अहो, दुसरं कोणीतरी गातंय! बयाबाईंच्या मागनं, अर्धी ओळ सोडून, बारीक. ती बनुबाई! त्यांची सून! तिला मी किती विनवलं होतं, तर म्हणाली, मला न्हाई बाई येत, आणि आत चुलीपाशी निघून गेली. आणि आतनं गातीय! सबंध ओवी गातीय! इतके दिवस माझ्याजवळ होती आणि मला ऐकू आली नाही! हाच! मला हाच पाहिजे! दुसरा कुठलाही नको, मला हाच पाहिजे!

अतिशय : भाग्यश्री. काढा. हेडफोन काढा.

भाग्यश्री : का? किती जोरात बोलले?

अतिशय : खाली टाळ्या वाजल्या.

भाग्यश्री : कशाच्या टा... अरे देवा.

विजयमाला : (साखरेची वाटी घेऊन वर येत) गुणाची गं माझी बाय ती! तोंड उघड, साखर घे. तुमी बी घ्या, पाव्हणं. आवं, अण्णा उठून हिच्या काकाच्या गळ्यातच पडलेत! लय भीती हुती मला, ही न्हाईच म्हणती का काय म्हणून. आन् ह्या पोरीनं सबंध आळीला ऐकवलं!

भाग्यश्री : आई, तू साखर खाली ठेव.

विजयमाला : आता लाजू नगंस. तुज्या तोंडचं पाहिजे हुतं ना तुला? तुज्याच तोंडचं हाय की.

भाग्यश्री : गप्प बसले तरी हो, ओरडले तरी हो! मग ह्या घरात नाही म्हणायचं तरी कसं असतं, ते सांगा कुणीतरी!

विजयमाला : न्हाई? आगं, आत्ता तर—

अतिशय : काकू, त्या हेडफोनला म्हणाल्या.

विजयमाला : कशाला?

अतिशय : ह्याला. तुम्ही गंध लावलेली ती पेटी, तिच्यातला. त्यांना हा हेडफोन पाहिजे म्हणाल्या. मी नाही.

विजयमाला : गं बाई. आन् मी साखर वाटत आले खालनं.

अतिशय : मी येतो खाली. मीच सांगतो सगळ्यांना.

विजयमाला : थांबा वाईच. पाव्हणं, तुमच्या मनात न्हाई व्हय मग?

अतिशय : माझ्या मनात आहे, काकू. लय आहे. पण असं चुकून पदरात पडलेलं नको मला. त्यांनी न म्हटलेलं मी घेऊन गेलो, तर उद्या त्या काही म्हणाल्या तरी मला खरं वाटायचं नाही.

विजयमाला : अण्णा रागावतील की.

अतिशय : रागावतील. परतीच्या वाटेवर कासेगाव येईपर्यंत बोलतील, मग झोप लागेल त्यांना. गाडी मीच चालवतोय.

विजयमाला : आन् तू गं! एवढं वरडण्यागत काय हाय त्यात?

भाग्यश्री : ये, बस इथं. घाल कानात. ऐक.

विजयमाला : माजे केस... बरं, बरं. ...आगं बया, जातं! कुणाच्या घरातलं गं? ...आन् ही मागनं कोण गातीया? आतनं? चोरून गाती जणू!

भाग्यश्री : आई, हळू. खाली ऐकू जातंय.

विजयमाला : जाऊ दे जात असलं तर! किती ग्वाड गळा हाय! आन् म्होरं येऊन का गात न्हाई ही?

भाग्यश्री : कुणी थांबून ऐकलं नाही म्हणून असेल. मीही नाही ऐकलं.

विजयमाला : ...घ्या वं हे. काढा डोक्यावरनं, मला जमंना. मग भाग्या, खाली काय सांगू मी?

भाग्यश्री : काही सांगू नकोस. तू पानं घे. मी येते आणि मीच सांगते.

विजयमाला : काय सांगणार?

भाग्यश्री : ओरडले ते हेडफोनला. आणि ह्यांच्याबद्दलचं मी ठरवलं की सांगेन. गप्प बसले तर गप्पच बसलेय असं समजायचं.

विजयमाला : बरं बाई. तुज्या काकाला मी बघते. साखरंची वाटी र्‍हाऊ दे हितंच, खाली नेली तर परत गोंधळ. लवकर या, दिवस कलला.

अतिशय : ...तुम्ही खाली बोलताना मी शेजारी थांबू? का आधी गाडीत जाऊन बसू?

भाग्यश्री : नाही म्हणायच्या तयारीनं बसले होते, असं मघाशी सांगितलं ना मी?

अतिशय : हो.

भाग्यश्री : ती तयारी मोडलीय. अजून दुसरी कुठली झाली नाही.

अतिशय : चालेल. मला घाई नाही. घाई फक्त हेडफोनला आहे.

भाग्यश्री : रविवारी त्या वाडीवर परत जाणार आहे मी. बनुबाईला शेजारी बसवून ऐकवायचंय, तिचं तिला. माझ्या साध्या हेडफोनवरच, आता कुठं कान द्यायचा ते कळलंय. गाडी वरपर्यंत जात नाही. शेवटचा चढ पायी, आणि ह्या दिवसांत जळवा असतात.

अतिशय : तुम्ही मला विचारताय?

भाग्यश्री : तुला विचारतेय.