साडेसहा टक्के

तिलवाऱ्याहून सदरला निघालेल्या बसमध्ये सगळ्यांच्या हिंदी बोलण्यात पुढच्या सीटवरून मराठी कानावर आलं, तसं लतानं मोबाइलवरचं गाणं हळूच बंद केलं. समोर नवराबायको बसले होते. लेकीसाठी मुलगा पाहून परतत होते. नवरा तावातावानं बोलत होता.

"बेबी त्या घरात जाणार नाही म्हणजे नाही. आपल्या सात पिढ्यांत कोणी दारूला शिवलं नाही, अन् हा पोरगा दिवसभर दारू पाहत बसते!"

"पाहते, पीत नाही जी. प्रयोगशाळेत नोकरी आहे त्याची. धानाचं तणस टाकीत आंबवतात, त्याचं अल्कोहोल होते."

"मंग पिते कोण?"

"मोटार. पेट्रोलमध्ये टाकतात ते."

"अच्छा. अन् आपल्यासमोर चहा सोडून मोबाइलमध्ये काहून पाहून राहिला होता?"

"टाकीत मशीन सोडलं आहे. अल्कोहोल किती टक्के चढलं, ते मिनिटामिनिटाला मोबाइलवर येते. साडेसहा झालं म्हणून किती खूश झाला बिचारा!"

"साडेसहा? हॅट्! त्याच्यासाठी एवढं मशीन?"

"मंग समजणार कसं?"

"अवं, पहिली धार निघाली की थोडी बशीत घ्यायची अन् काडी लावायची. निळी पेटली तर असली, फडफडली तर पाणी. मशीन कशाला पाह्यजे?"

बस दोन खड्डे ओलांडून गेली.

"अहो."

"हं?"

"तुम्हाला काडीचं कसं मालूम?"

"चलो, उठ. सदर आलं वाटते."

"आत्ता तर तिलवारा सुटलं. सदरला अर्धा तास आहे. बसा खाली, अन् काडीचं सांगा."