उजवीकडचा फोटो

नाव व पत्ता नोंदवहीत लिहून दिला आहे. वय ५४, धंदा शिवणकाम, घराच्या पुढच्या खोलीत दुकान. आज पोलीस ठाण्यात स्वतः येऊन, विचारल्यावरून सांगते की,

घरी मी व माझे पती असे दोघेच राहतो. आम्हाला एक मुलगी होती. तीन वर्षांपूर्वी तिच्या उपचारासाठी मदतीचा अर्ज करायचा होता. त्यावर रुग्णाचा व पालकाचा फोटो लागत होता, म्हणून आम्ही दोघी चौकातल्या स्टुडिओत गेलो. एकाच खुर्चीवर बसवून, मागे तोच राखाडी पडदा ठेवून, आधी माझा व मग तिचा फोटो काढला. तिचे वय तेव्हा २५ होते. दोघींच्याही डाव्या डोळ्याखाली तीळ आहे. फोटोग्राफर म्हणाला, "काकू, ही तर तुमची झेरॉक्सच." मुलगी म्हणाली, "मग एकच काढा, दोघींना चालवू." त्यानंतर सात आठवड्यांनी ती वारली.

या महिन्याच्या ४ तारखेला सकाळी अकराच्या सुमारास एक निवृत्त शिक्षिका दुकानात आल्या. त्या माझ्याकडून कपडे शिवून घेतात. तोंडावरचा रुमाल काढला तर गाल लालभडक, साल निघालेली. तरुण दिसण्याच्या क्रीमचा खोका टेबलावर आपटून म्हणाल्या, "तुमच्याकडे बघून घेतलं मी हे! त्या नटीवर माझा काडीचा विश्वास नाही. पण तुम्ही रोज समोर दिसता. म्हटलं, ही बाई कशाला खोटं बोलेल?" मला काही कळेना. मी चेहऱ्याला साबणाशिवाय काही लावत नाही, आणि ते माझ्याकडे बघून कोणालाही कळावे.

खोक्यावर पुढे एका प्रसिद्ध नटीचा फोटो व सही आहे. तिचे सिनेमे मी लग्नाआधीपासून बघते, आणि चेहरा अजून इस्त्री मारल्यासारखा. मागच्या बाजूला दोन फोटो आहेत. डावीकडे 'आधी', ती मी. उजवीकडे 'साठ दिवसांनंतर', ती माझी मुलगी.

मी तसे सांगितल्यावर शिक्षिका खालीच बसल्या. त्या इकडे राहायला नंतर आल्या, त्यांनी तिला कधी पाहिले नव्हते. मी म्हटले, तुमचा काय दोष, आधी डॉक्टरकडे जा.

त्याच दिवशी फोटोग्राफरला जाब विचारला. आधी उडवाउडवी केली, मग दोन्ही फोटो कंपनीच्या माणसाला दिल्याचे कबूल केले. म्हणाला, "घरातलाच तर चेहरा आहे काकू, त्यात काय एवढं?" मी त्याला नको नको ते बोलले. आमची परवानगी कोणीही घेतली नव्हती.

तक्रार द्यायला एकोणीस दिवस का लागले, असे साहेबांनी विचारले. मी आजारी नव्हते व कोणी धमकावलेही नाही. फोटो काढला तेव्हा मुलीच्या डोळ्यांखाली काळे झाले होते, गाल बसले होते. घरात लावलेला फोटो तोच आहे. खोक्यावर कंपनीने ते सगळे पुसून टाकले आहे. गाल भरलेले आहेत. आजार झाला नसता तर ती अशी दिसली असती. ते खोटे आहे हे मला कळते. तरी मी रोज औषधांच्या दुकानासमोर जाऊन उभी राहत होते. काचेमागे खोके रचून ठेवले आहेत, मागची बाजू बाहेर करून. एक दिवस तिथे पतीही उभे दिसले.

काल त्या दुकानात एक बाई ते क्रीम विकत घेत होती. मला बघून हसून म्हणाली, "तुम्हीच ना त्या?" म्हणून आज आले. हा माल बाजारातून उठवावा, कोणत्याही दुकानात एकही खोका राहू नये, अशी माझी तक्रार आहे. माझ्याकडचा खोका पुराव्यासाठी जमा करत आहे.

लिहिलेले मला वाचून दाखवले, ते मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे. माझे पती बाहेर बाकावर बसले आहेत. खोका सील करण्याआधी त्यांना एकदा बघू द्यावा, ही विनंती.