डॅशबोर्डवरची शिफ्ट

तुमचा एक दिवा लागला तर एवढे घाबरता, माझ्या गाडीचे तर तीन लागले होते!

पावर हाउस भागातल्या दुकानातून चाकांची अलाइनमेंट करून निघालो, बाजूले बाबा. चौकात वळलो अन् डॅशबोर्डवर स्टीअरिंगचा, ब्रेकचा, घसरणाऱ्या गाडीचा, तिन्ही दिवे पेटले. मले घाम सुटला. बाबा म्हणाले, "टाइम लिहून ठेव."

बाबांनी प्लांटच्या कंट्रोल रूममध्ये बत्तीस वर्षं पॅनलचे दिवे पाहिले, दिवा लागला की वहीत टाइम लिहिला. रिटायर झाल्यापासून त्यायले कोणी एकही दिवा दाखवला नव्हता.

मी गाडी थांबवून त्याच दुकानाच्या मेकॅनिकले फोन लावला. तो म्हणाला, "भैया, सेन्सर रीसेट करना रह गया. धीरे-धीरे ले आओ, पाँच मिनट का काम है."

मी गाडी दुकानाकडे वळवली, तर बाबा म्हणाले, "कावून घाई करून राहिला? हळू चाल." रस्ताभर दिव्यांवरून नजर हलवली नाही त्यायनं. "पिवळेच आहेत. लाल नाही. चालू दे."

मेकॅनिकनं त्याची मशीन लावली अन् तिन्ही दिवे विझले. बाबांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं, सीटबेल्ट सोडला अन् हळूच म्हणाले, "चला, शिफ्ट सुटली."