माउसचा उजवा कौल

आता मी कुणाचाही कॉम्प्युटर नीट करायला जात नाही. का, ते ऐका.

मलकापूरचा माझा भाचा संतोष याला बैलगाडा शर्यतीचा गेम बनवायचा नाद. पण गेम बनवायचं सॉफ्टवेअर काही इन्स्टॉल होईना. मी सांगलीत बसून इंटरनेटवरून त्याचा कॉम्प्युटर चालवायला घेतला. फोन स्पीकरवर होताच.

तेवढ्यात आक्का, म्हणजे संतोषची आई, किंचाळली, "आगं बया! माउसला कुणाचा हात न्हाई, आन बाण आपसूक फिरतोय!"

"आई, हात कशाला जोडतीस? मामा फिरवतोय त्यो!"

"गप रं! देवा, फलटणची पोरगी ह्याला करायची का? करायची आसंल तर उजवा कौल दे."

फलटणच्या स्थळाला संतोष महिनाभर नको म्हणत होता. इकडं माझ्यासमोर इन्स्टॉल फसल्याचा निरोप आलेला. डावीकडं 'पुन्हा प्रयत्न करा', उजवीकडं 'रद्द करा'. माझा हात आधीच निघालेला. दाबलं रद्द.

"दिला! उजवा दिला!"

संतोष ओरडला, "मामा, ह्ये काय केलं?"

"अरे, मी तर रद्द केलं!"

"इन्स्टॉल रद्द झालं. लगीन पक्कं झालं! परत लावा, आन आता डावीकडचं दाबा!"

"एका गोष्टीला देवाला दोनदा इचारत न्हाईत," आक्का म्हणाली. "आन फोन ठेव. मला फलटणला लावायचाय."